मोबाईलवरची मिस्सा कुणासाठी?

संपादक महोदय,

२०२०च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद होती, तेव्हा मोबाईलवरच्या मिस्सेने, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या थेट प्रक्षेपणाने, आम्हा वसईकरांना आधार दिला. माझ्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना तो आजही आहे. बिस्किटांच्या डब्याला फोन टेकवून दिला की त्या डोक्यावर पदर घेतात. (फादर भाकर उंचावतात नेमकी तेव्हाच साबणाची जाहिरात येते, ते सोडा.) पण धडधाकट माणसांनी सोफ्यावर चहा पीत मिस्सा ‘झाली’ म्हणावे, हे पटत नाही. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, हे व्हॅटिकनने २००२ सालीच सांगितले आहे. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, काही पडद्यातून हातावर येत नाही.

अंत्यविधीच्या प्रक्षेपणाचे तर काय सांगावे! आखातातल्या, कॅनडातल्या लेकरांना शेवटचे दर्शन घडते, म्हणून ते हवेच. मात्र कॅमेरा रडणाऱ्या बायकांच्या तोंडासमोर कशाला नाचवायचा? अलीकडेच एका विधवेचा हंबरडा अगदी जवळून दाखवला गेला आणि खाली लाइकचे अंगठे पडत होते. कॅमेरा वेदी आणि शवपेटीपुरताच ठेवावा, घरच्यांना विचारल्याशिवाय चित्रफीत नंतर इंटरनेटवर ठेवू नये, एवढा नियम प्रत्येक चर्चच्या पॅरिश कौन्सिलने (भाविकांच्या समितीने) करावा.

– एक वाचक, वसई