वाढदिवसाच्या शुभेच्छांची व्यवस्था लावून दिल्याबद्दल

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

आमच्या ऑनलाइन दुकानाच्या ग्राहकांना वाढदिवशी शुभेच्छांचा ईमेल आपोआप जावा, ही व्यवस्था आपण उभी करून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की, आपण दाखवून दिलेल्या गोष्टी असे दुकान चालवणाऱ्या कोणालाही उपयोगी पडतील.

आपण मजकुराला किंवा कुपनाला आधी हातच लावला नाहीत. जन्मतारीख ग्राहकाकडे नेमकी कशासाठी मागायची, हा आपला पहिला प्रश्न होता. शुभेच्छा द्यायला दिवस आणि महिना पुरतो; वर्ष विचारले की ग्राहकाच्या वयाची माहिती विनाकारण आपल्याकडे साठते, ती सांभाळण्याची जबाबदारी वाढते आणि भरणाराही त्या रकान्यापाशी बिचकतो. म्हणून अर्जातून वर्ष काढले गेले, उरलेला रकाना ऐच्छिक झाला आणि त्याखाली या तारखेचा उपयोग फक्त वाढदिवसाच्या ईमेलसाठी होईल, असे स्पष्ट वाक्य आले. मेलचिंप या ईमेल पाठवण्याच्या सेवेत वाढदिवसाचा रकाना मुळातच महिना आणि दिवस एवढाच असतो, हेही तेव्हाच आपल्याकडून समजले.

सर्वांत जास्त वेळ आपण दिलात तो जुन्या यादीतल्या तारखांना, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा जीव तिथेच होता. 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च? एका बाजूला बारापेक्षा मोठा आकडा असेल तर उलगडा लगेच होतो, पण दोन्ही आकडे बाराच्या आत असले की नुसत्या नजरेने काहीच ठरत नाही. अशा ठिकाणी अंदाज बांधण्याऐवजी ती नोंद कोणत्या अर्जातून आली हे आपण तपासलेत आणि तरीही उलगडा झाला नाही तेव्हा तारीख रिकामी ठेवलीत, कारण चुकीच्या दिवशी आलेल्या शुभेच्छांपेक्षा न आलेल्या शुभेच्छा बऱ्या. 1 जानेवारीला अचानक एवढे वाढदिवस कसे, हेही आपल्याच नजरेने टिपले. ती तारीख अर्जात आधीपासून निवडलेली येत असे आणि लोक ती तशीच सोडून पुढे जात.

29 फेब्रुवारीचा वाढदिवस तर कोणाच्याही ध्यानात आला नसता. तारीख जुळली तरच ईमेल सुटणार असेल, तर 2024 नंतर त्या ग्राहकाला थेट 2028 मध्येच पत्र मिळेल. इतर वर्षी त्याला 28 फेब्रुवारीला शुभेच्छा जाव्यात, ही सोय आपण वेगळी करून दिलीत. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालते, त्यामुळे ईमेल आदल्या दिवशी किंवा रात्री उशिरा पोहोचू नये म्हणून ग्राहकाच्या स्थानिक वेळेनुसार सकाळी तो सुटेल, असेही बसवून दिलेत.

चाचणीसाठी आपण मुद्दाम नाव नसलेली एक नोंद तयार केलीत. पडद्यावर ‘प्रिय’ आणि त्यापुढे लटकलेला स्वल्पविराम दिसला, तेव्हा नाव नसल्यास केवळ ‘नमस्कार’ यावा, हे लगेच ठरले. कुपनाविषयीचा आपला आग्रहही मला मनापासून पटला: प्रत्येकाला स्वतंत्र, एकदाच चालणारा कोड, वापरायला पुरेशी मुदत आणि किमान खरेदीची अट नाही. आधी खर्च करायला लावणाऱ्या सवलतीला भेट म्हणणे बरे नव्हे.

ईमेल खरोखर आमच्याकडूनच आला आहे, हे ताडून पाहता यावे यासाठीच्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदीही आपण आमच्या डोमेनवर, म्हणजे दुकानाच्या इंटरनेटवरील नावावर, करून घेतल्यात. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने दिवसाला पाच हजारांहून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांवर त्या बंधनकारक केल्या आहेत. आमची संख्या त्याच्या आसपासही नसली, तरी ईमेल स्पॅममध्ये जाऊ नये यासाठी त्या आत्ताच हव्यात, हे आपले म्हणणे योग्यच होते.

एका गोष्टीसाठी मात्र विशेष ऋणी आहे. या ईमेलला उत्तर देता आलेच पाहिजे, आणि आलेले उत्तर माणसानेच वाचले पाहिजे, हे आपण ठरवून घेतले होते. काही काळाने एका उत्तरात खातेदार आता हयात नसल्याचे त्यांच्या मुलीने कळवले. अशा वेळी काय करायचे ते आपण आधीच लिहून ठेवले होते, त्यामुळे ती तारीख त्याच दिवशी काढली गेली, पुढचे सर्व ईमेल थांबले आणि त्यांना दोन ओळींचे साधे सांत्वनपर उत्तर गेले. पुढच्या वर्षी त्या घरी शुभेच्छांचा ईमेल जाणार नाही, याचे श्रेय सर्वस्वी आपले आहे.

आपण प्रत्येक नियमापुढे त्याचे कारणही लिहून दिलेत, त्यामुळे आता हे काम आमच्या नव्या सहकाऱ्यांकडे निर्धास्तपणे सोपवता येत आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक दुकानचालक