बिल्टीवरच्या अटी मराठीत हव्यात

मा. संपादक,
सोलापुरातून टॉवेल-चादरींच्या गाठी रोज ट्रान्सपोर्टने बाहेरगावी जातात. वाटेत गाडी अडेल या धाकाने ई-वे बिल, म्हणजे जीएसटीसाठी मालासोबत लागणारा कागद, प्रत्येक जण दोनदा तपासतो. बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टवाल्याची पावती, मात्र न वाचताच खिशात जाते. मालाचं नुकसान झालं, तर भांडायचं असतं ते याच कागदाच्या जोरावर.

रस्त्यावरील मालवाहतुकीचा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. जादा जोखमीचा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरतीच, असं त्याखालचे नियम सांगतात. दोन लाखांचा माल आणि तीन हजार भाडं असेल, तर हाती फार तर तीस हजार. जादा दर भरून ही मर्यादा वाढवून घेता येते. कलम ११ प्रमाणे हा दर इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत लिहून वाहतूकदाराने आपल्या जागेत लावायला हवा, तरच तो आकारता येतो. असा मराठी फलक मी तरी एकाही बुकिंग ऑफिसात पाहिलेला नाही. मग अशी सोय आहे हे लहान व्यापाऱ्याला कळणार कुठून?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाठी भिजून पोहोचल्या. ट्रान्सपोर्टवाल्याने बिल्टीवरच्या ‘ॲट ओनर्स रिस्क’ (जोखीम मालाच्या मालकाची) या ओळीवर बोट ठेवून हात झटकले. वास्तविक या शब्दांनी वाहतूकदार सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली २००० सालीच सांगितलं आहे. आताच्या कायद्यातही दावा लावणाऱ्याला समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. पण त्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, तीही बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत. नुकसान कळल्याच्या दिवसापासून नव्हे! ‘बघतो, क्लेम पाठवलाय’ या फोनवरच्या आश्वासनांत ही मुदत सहज निघून जाते.

वाहतूकदारांची नोंदणी परिवहन प्राधिकरणाकडे होते. नोंदणी देताना आणि तिचं नूतनीकरण करताना प्राधिकरणाने दराचा मराठी फलक आहे की नाही हे पाहावं. दहापटीची मर्यादा आणि १८० दिवसांची मुदत या दोन गोष्टी बिल्टीच्या दर्शनी बाजूला, वाचता येईल अशा मराठी अक्षरांत छापायला लावाव्यात. व्यापारी संघटनांनीही ही मागणी परिवहन आयुक्तांकडे लावून धरावी.

— एक कापड व्यापारी, सोलापूर