गच्चीची किल्ली कुणाकडे?

पावसाळा आला की सोसायटीच्या ग्रुपवर धूरफवारणीची मागणी सुरू होते. पण धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या मजेत राहतात. मुंबईत मलेरिया पसरवणारी अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी डासाची मादी गटारात नव्हे, टाकीतल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते. आमच्या टाकीचे झाकण तुटलेले. वर प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर वीट! अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून डेंग्यूसाठी कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे आठवड्याला एकदा घासून कोरडा केला तरी पुष्कळ काम होते. टाकी तपासायला पालिकेचा कर्मचारी येतो, तेव्हा किमान गच्ची उघडी मिळावी. आमच्याकडे किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी गावाला.

– एक रहिवासी, परळ, मुंबई