बियॉन्सेच्या आधी केलीचा नंबर लागला होता

संपादक साहेब,

पुरवणीतला अमेरिकन गायिका बियॉन्सेवरचा लेख वाचला, छान आहे पण ती जणू तिच्या मुलींच्या गाण्याच्या ग्रुपमधून बाहेर पडली आणि लगेच स्टार झाली असं वाटतं वाचून, तसं काही झालं नव्हतं हो. १९९३ ला ग्रुपमधल्या ह्या मुली 'स्टार सर्च' नावाच्या टीव्ही स्पर्धेत चक्क हरल्या होत्या, तेव्हा ग्रुपचं नावही वेगळं होतं, गर्ल्स टाइम. मग नाव डेस्टिनीज चाइल्ड झालं, २००० मध्ये ग्रुपमधल्या दोघी बाहेर गेल्या, प्रकरण कोर्टात गेलं, आणि मॅनेजर कोण तर बियॉन्सेचेच वडील, म्हणजे लोक बोलणारच ना! (मीपण तेव्हा बोललोच होतो.)

आणि लेखात त्याच ग्रुपमधल्या केली रोलंडचा साधा उल्लेख नाही ह्याचं जास्त वाईट वाटलं. अहो सोलोमध्ये आधी नंबर वन तिचा आलाय, २००२ मध्ये, रॅपर नेलीबरोबरचं 'डिलेमा', अमेरिकेत १० आठवडे टॉपला होतं ते गाणं. बियॉन्सेचा सोलो अल्बम २००३ चा, त्यावर २००४ ला एका रात्रीत ५ ग्रॅमी (संगीतातले मोठे पुरस्कार) मिळाले आणि मग काय, बाकीच्या मागेच पडल्या. पण तरी ती २००४ ला परत ग्रुपबरोबर शेवटचा अल्बम करायला आली, हे मला त्या ग्रॅमींपेक्षा भारी वाटतं. आज तिच्याकडे ३५ ग्रॅमी आहेत, सगळ्यात जास्त.

पुढच्या वेळी केलीवर पण लिहा की.

– एक जुना फॅन