टॉर्शन बारचा जोड मागवला, दोन्ही डावे आले

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : अ‍ॅम्बेसेडर मार्क ४ डिझेलच्या टॉर्शन बारचा जोड एकाच बाजूचा व गंजलेला पाठवल्याबाबत आणि पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

तुमच्या माणसाने फोनवर दिलेलं शेवटचं उत्तर ऐकलं आणि यापुढे तोंडी बोलण्यात अर्थ नाही हे कळलं. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. बिलाची झेरॉक्स, ट्रान्सपोर्टची पावती, दोन्ही बारचे फोटो आणि तुमच्या जाहिरातीची छापील प्रत सोबत जोडली आहे.

गाडी माझ्या वडिलांची. अ‍ॅम्बेसेडर मार्क ३, १९७७ सालची, मूळची पेट्रोल. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा वडिलांनी तिच्यात त्याच कंपनीचं १४८९ सीसीचं डिझेल इंजिन बसवलं आणि यवतमाळच्या आरटीओत जाऊन आरसी बुकावर तशी नोंद करून घेतली. त्या काळी आमच्या भागात असं बरेच जण करत. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा वजनदार असतं, पण खालचे टॉर्शन बार, म्हणजे पुढच्या चाकांसाठी स्प्रिंगचं काम करणाऱ्या लांब सळया, पेट्रोलच्या गाडीचेच राहिले. इतकी वर्षं त्यांनी ते ओझं वाहिलं आणि आता गाडी पुढून बसली आहे. मिस्त्रीने बारच्या मागच्या टोकाची अ‍ॅडजस्टमेंट फिरवून उंची वर घेतली. त्याने नाक वर येतं, बार काही ताठ होत नाही. खड्डा आला की बंपस्टॉपवर, म्हणजे चाक फार वर जाऊ नये म्हणून लावलेल्या रबरावर, ठोका बसतोच.

आमच्याकडे खड्डा म्हणजे काय, हे शहरात बसून कळायचं नाही. दारव्हा तालुक्यातली जमीन काळी, भारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता सरळ राहतच नाही, वरखाली होतो. डांबर संपलं की पुढे पांदण. मागच्या सीटवर चार माणसं, डिकीत तुरीचं पोतं, असं घेऊन त्या पांदणीतून जायचं असतं. ही गाडी मी लग्नाच्या वरातीत मिरवायला ठेवलेली नाही.

मी कुठलाही वेडावाकडा जुगाड करायला निघालो नव्हतो, हे आधीच सांगतो, कारण तुमच्या उत्तरात तसा सूर आहे. एकाने सल्ला दिला होता की कॉन्टेसाचा पुढचा भागच उचलून बसव. कॉन्टेसाही त्याच कारखान्याची, पण तिला पुढे कॉइल स्प्रिंग. तो सगळा सांगाडा अ‍ॅम्बेसेडरखाली घालायचा तर मेंबर, म्हणजे खालची आडवी पट्टी, कापा, वेल्डिंग करा, आणि मग चाकांची अलाइनमेंट देवाच्या भरवशावर. ते मी सरळ नाकारलं. अ‍ॅम्बेसेडरच्याच डिझेल मॉडेलचा बार, त्याच जागी, टोकाच्या त्याच दात्यांवर बसणारा, काही न कापता, एवढंच मला हवं होतं. आणि तुमच्या जाहिरातीत नेमकं तेच लिहिलं होतं : “मार्क ४ डिझेलमधून काढलेला, तपासलेला टॉर्शन बारचा जोड, डावा-उजवा, पेट्रोलवरून डिझेल केलेल्या जुन्या गाड्यांना थेट बसतो, पेट्रोलच्या बारपेक्षा जाड.” या एका वाक्यावर मी ११,८०० रुपये आगाऊ भरले. ट्रान्सपोर्टचे ९५० वेगळे, कारण तुमचं पार्सल आमच्या गावापर्यंत येत नाही. ते यवतमाळच्या गोदामात जाऊन सोडवून आणावं लागतं.

आता आलेल्या मालाबद्दल.

आमचे मिस्त्री अ‍ॅम्बेसेडरवर हात काळे करतच म्हातारे झाले आहेत. त्यांनी गाडी लोखंडी घोड्यांवर घेतली, चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला जॅक लावून ताण सोडला, जुन्या बारच्या दात्यांवर पंचने खूण केली आणि दोन्ही बार बाहेर काढले. मग तुमचं पार्सल उघडलं. बारच्या टोकावर पिळाची दिशा दाखवणारा बाण ठोकलेला असतो. त्यांनी दोन्ही टोकं चिंधीने पुसली, शेजारी शेजारी धरली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “भाऊ, हे तं दोन्ही डावेच हायेत. उजवा काहून नाई पाठोला?”

हे तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुमचा माणूस हसून म्हणाला, “काका, सरळ गोल सळई आहे ती, तिला कसली आलीय डावी-उजवी? कुठेही लावा.” माझी खरी तक्रार या वाक्याबद्दल आहे. चुकीचा माल जाणं समजू शकतो, दिवाळीच्या गर्दीत गोदामात अदलाबदल होते. पण टॉर्शन बार विकणाऱ्या कंपनीला टॉर्शन बार म्हणजे काय हेच माहीत नसेल, तर उद्या कुणाचा तरी जीव जाईल.

म्हणून तुमच्या त्या माणसासाठी लिहितो. बार दिसायला सळईच आहे, पण काम स्प्रिंगचं करतो. पुढचं टोक खालच्या आर्मला, मागचं टोक गाडीखालच्या आडव्या मेंबरला घट्ट. चाक वर गेलं की बार पिळला जातो आणि पीळ सोडताना चाकाला खाली ढकलतो. डाव्या बाजूचा बार जन्मभर एका दिशेने पिळला जातो, उजव्या बाजूचा उलट दिशेने. कारखान्यातच बारला त्याच्या कामाच्या दिशेने एकदा मर्यादेपलीकडे पीळ देऊन ठेवतात. त्यामुळे पृष्ठभागात जो ताण साठतो तो त्या दिशेला मदत करतो आणि उलट्या दिशेला घात करतो. असा बार दुसऱ्या बाजूला लावला तर तो लवकर खचतो, नाहीतर थकून तुटतो. वापरलेला बार बाजू बदलून लावायचा नाही, हे टॉर्शन बारच्या कुठल्याही गाडीवर काम केलेला पोरगासुद्धा सांगेल.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी ‘उजवा पाठवा’ म्हणून गप्प बसलो असतो. पण त्यातल्या एका बारवर काळा रंग जरा जास्तच जाड वाटला. रॉकेलच्या चिंधीने घासला तर रंगाखालून गंजाचे खड्डे निघाले. मधल्या भागात तर बोटाच्या पेराएवढ्या जागेत बारीक बारीक टोचे, आणि त्यांच्या शेजारी पाइप पान्याच्या दातांच्या तीन रेघा. नखाला अडकतात इतक्या खोल. पिळल्या जाणाऱ्या बारमध्ये सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कातडीवर असतो, आतल्या गाभ्यावर नाही. म्हणून चीर नेहमी अशाच खड्ड्यापासून किंवा ओरखड्यापासून सुरू होते. बार हातोडीने ठोकू नये, त्याला पाना लावू नये, ही काळजी त्यासाठीच घेतात. तुम्ही पाना लावला, गंज चढू दिला आणि वरून रंग फासला. याला तुमच्या जाहिरातीत ‘तपासलेला’ म्हणतात. चालत्या गाडीत हा बार तुटला तर तो कोपरा खाडकन खाली बसतो. आमच्या रस्त्याला डाव्या हाताला उघडी नाली आहे आणि उजव्या हाताने कापसाचे ट्रक येतात. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

जाडीचंही तसंच. मिस्त्रींनी जाडी मोजायचं व्हर्नियर लावलं तर दोन बारांची जाडी सारखी नाही. फरक डोळ्याला दिसत नाही, पण बारचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी पाच टक्क्यांनी वाढली तर ताठरपणा साधारण साडेएकवीस टक्क्यांनी वाढतो. म्हणजे थोड्याशा फरकानेही गाडी एका अंगाला झुकणार आणि ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढणार. हे दोन बार एका गाडीतून निघालेलेच नाहीत. ‘जोड’ हा शब्द तुम्ही कोणत्या हिशेबाने छापला ते कळवावं.

तुमची दोन उत्तरं माझ्याकडे मेसेजवर आहेत. पहिलं, “वापरलेला माल परत घेतला जात नाही.” ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. माल नवा की वापरलेला, हा इथे मुद्दाच नाही. डावा-उजवा लिहून दोन्ही डावे पाठवलेत, हा मुद्दा आहे.

दुसरं उत्तर त्याहून भारी : “गाडीत फेरफार करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, त्यामुळे आमची जबाबदारी नाही.” अहो, ‘पेट्रोलवरून डिझेल केलेल्या गाड्यांना थेट बसतो’ असं छापून विकायचं तुम्ही आणि कायदा शिकवायचा मला? इंजिन बदलल्याची नोंद माझ्या आरसी बुकावर आहे. त्या बुकात टॉर्शन बारचा रकानाच नसतो. आणि ज्या इंजिनाची नोंद आहे त्या इंजिनाला शोभेल असाच बार मी मागितला. कायद्याची एवढी चाड असेल तर जाहिरातीतलं ते वाक्य आधी काढा.

“अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवा,” असंही एक सुचवण्यात आलं. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अ‍ॅम्बेसेडर बनणं मे २०१४ मध्येच बंद झालं. तुमच्या माहितीत एखादं अधिकृत सेंटर सुरू असेल तर पत्ता जरूर पाठवा, आमच्याकडचे बरेच जण आभार मानतील.

माझी मागणी अशी. बारचे ११,८०० आणि ट्रान्सपोर्टचे ९५० रुपये माझ्या खात्यात परत जमा करा. पुढचा भाग उघडून जुने बार पुन्हा बसवण्याची मजुरी २,४०० रुपये झाली, तीही द्या. मिस्त्रींची सही असलेली पावती जोडली आहे. हे दोन्ही बार तुमच्या खर्चाने परत न्या. बदली माल मला नको. खड्डे पडलेला बार पुन्हा रंगवून दुसऱ्या कुणाला विकणार नाही, तो कापून भंगारात घालाल, हे लेखी कळवा. पैशाइतकीच मला याची गरज वाटते. आमच्या भागात अजून अशा बऱ्याच डिझेल केलेल्या अ‍ॅम्बेसेडर आहेत आणि सगळ्यांच्याच मिस्त्रीला बाणाची खूण पाहायची सवय असेल असं नाही.

वरील नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवं. ते झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी लागत नाही. तारखेला मला यवतमाळला एसटीने जाता येतं. तुम्हाला मात्र दर तारखेला माणूस पाठवावा लागेल.

बार नेण्यासाठी गाडी पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करा आणि दुपारनंतर पाठवा. सध्या कापूस वेचणी चालू आहे, सकाळी घरी कोणी सापडत नाही. फोन नंबर ऑर्डरवर आहेच.

कळावे,

आपला ग्राहक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(संपूर्ण नाव व पत्ता सोबतच्या बिलावर)