बाळा, पाखरांबद्दल तू विचारलंस ना

प्रिय बाळा,
जय ख्रिस्त.

तुझा मेसेज आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, बाबा झोपले होते आणि मी लाईट घालवायच्या बेतात होते, पण तो फोटो उघडला आणि मग झोप काही लागली नाही. बी म्हणजे वचन, शेत म्हणजे मंडळी (चर्च), झाड म्हणजे माणूस, पाखरू म्हणजे आत्मा, समुद्र म्हणजे जग, मासे म्हणजे माणसं, होडी पण मंडळी, अग्नी म्हणजे वचन, कर्णा म्हणजे संदेश देणारा माणूस, शेपूट म्हणजे खोटा संदेष्टा. तुझ्या लॅबमधल्या मुलाने शिनचनजी नावाच्या कोरियन मंडळीच्या शिकवणीवरून करून दिलेली यादी, आणि खाली तू विचारलंयस की आई तू तीस वर्षं संडे स्कूल घेतलंस, हे खरंच बायबलात असं आहे का गं. फोनवर एवढं सगळं सांगता आलं नसतं म्हणून लिहायला बसले, दोन आठवडे लागले कारण एकेक वचन उघडून बघत गेले आणि कोरियातल्या या लोकांबद्दल जे मिळालं ते वाचत गेले.

आधी सरळ उत्तर देते. निम्म्याच्या वर बायबलात आहे बाळा. बी म्हणजे देवाचं वचन असं लूक आठव्या अध्यायात येशूनेच सांगितलंय. माझं वचन अग्नीसारखं, खडक फोडणाऱ्या हातोड्यासारखं आहे असं यिर्मया २३ मध्ये आहे. शेपटाचं यशया ९ मध्ये आहे, वडील माणूस म्हणजे डोकं आणि खोटं शिकवणारा संदेष्टा म्हणजे शेपूट. सूर्य, चंद्र, तारे म्हणजे माणसं, हे योसेफाच्या स्वप्नात आहेच, बाप आई आणि अकरा भाऊ. त्यामुळे त्यांनी मनाने काहीतरी रचलं असं मी म्हणणार नाही, ते लोक बायबल आपल्यापेक्षा जास्त पाठ करतात आणि हे मी मनापासून सांगतेय, आपल्या मंडळीतल्या किती जणांना यिर्मया २३ कुठल्या पानावर आहे ते माहीत असेल?

आता हे लोक कोण ते थोडक्यात, कारण तू तिथेच राहतोस. शिनचनजी म्हणजे नवं आकाश नवी पृथ्वी, बायबलाच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरण २१ मधलं. ली मान-ही नावाचे गृहस्थ, जन्म १९३१ चा, त्यांनी १४ मार्च १९८४ ला ही मंडळी सुरू केली, मुख्य ठिकाण सोलच्या दक्षिणेला ग्वाचॉन. त्याच गावात १९६६ साली एक निवासमंडप मंडळी म्हणून सुरू झाली होती, ली तिच्यात काही काळ होते, पुढे ती मंडळी मोडली. आणि त्यांचं म्हणणं असं की प्रकटीकरणात जे सात तारे, श्वापद, शिंगं, शिक्के आहेत ते सगळं त्या गावात, त्या मंडळीत, खऱ्या माणसांच्या रूपात घडून गेलं आणि ते डोळ्यांनी बघणारा साक्षीदार म्हणजे ली. प्रकटीकरण १० मध्ये योहान ते लहान पुस्तक खातो ना, तसं या काळात ते पुस्तक खाल्लेला माणूस तो हाच. मंडळीचे बारा वंश आहेत, प्रेषितांच्या नावाने, आणि ते मानतात की प्रकटीकरणातल्या १,४४,००० जणांवर शिक्का पूर्ण झाला की स्वर्गातल्या हुतात्म्यांचे आत्मे येऊन त्यांच्या शरीराशी एक होतील आणि ते मरणार नाहीत. २०२० पर्यंत सभासद दोन लाखांच्या वर गेले होते.

२०२० चं देगू शहरातलं प्रकरण तुला लॅबमध्ये कुणीतरी सांगेलच, कोरोना त्यांच्या मंडळीतून पसरला म्हणून सगळा देश त्यांच्यावर चिडला होता. त्यात कोर्टाने ली यांना साथीच्या कायद्याच्या आरोपातून निर्दोष सोडलं, पैशाच्या अपहारात मात्र दोषी ठरवलं, दोन्ही गोष्टी लक्षात ठेव आणि त्या एका साथीवरून साध्या सभासदांचा राग कुणी करत असेल तर तू त्यात पडू नकोस.

मला बोलायचंय ते वेगळंच. यादीत प्रत्येक शब्दापुढे एक अर्थ आहे, शाळेतल्या जोड्या लावा सारखा. त्यासाठी ते यशया ३४:१६ दाखवतात, परमेश्वराच्या ग्रंथात शोधा आणि वाचा, यातलं एकही जोडीदारावाचून राहणार नाही, म्हणजे बायबलातल्या प्रत्येक वचनाला दुसरं जोडीचं वचन आहे आणि ते शोधलं की अर्थ उघडतो. तू आता मोबाईल बाजूला ठेव आणि छापलेल्या बायबलात ते पान काढ आणि एक ओळ वरची वाच. तिथे उजाड झालेल्या अदोम देशाचं वर्णन आहे, घुबडं, कोल्हे, आणि घारी आपापल्या जोडीदारासोबत जमतील असं लिहिलंय. जोडीदार हा घारीचा आहे रे! घर करायला आलेल्या पाखरांची जोडी, वचनांच्या जोड्यांबद्दल तिथे एक अक्षर नाही. मी हे वाचून कितीतरी वेळ तशीच बसले होते, कारण सगळी किल्ली ज्या ओळीवर टांगलीय ती ओळच मुळात पाखरांची आहे.

आणि मत्तय १३ घे. पेरणाऱ्याच्या दाखल्यात, म्हणजे येशूने सांगितलेल्या त्या गोष्टीत, बी म्हणजे वचन. त्याच अध्यायात, अर्ध्या पानावर, निदणाच्या म्हणजे गव्हातल्या तणाच्या दाखल्यात येशू म्हणतो चांगलं बी म्हणजे राज्याची मुलं, म्हणजे माणसं. तोच बोलणारा, तोच अध्याय, आणि बीचा अर्थ बदलला. शेत म्हणजे जग असंही त्याने तिथेच स्पष्ट सांगितलंय, मंडळी नाही. खमीर बघ, एकदा स्वर्गाचं राज्य खमिरासारखं आणि तीन अध्यायांनंतर परुश्यांच्या, म्हणजे त्या यहूदी पंथाच्या लोकांच्या, खमिरापासून जपा. सिंह म्हणजे कोण? पेत्राच्या पत्रात सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो आणि प्रकटीकरणात यहूदा वंशाचा सिंह म्हणजे स्वतः येशू. यादी करायची तर सिंहापुढे काय लिहिशील? शब्द ज्या गोष्टीत बसलाय तिथला अर्थ घेतो, आपण घरात नाही का "वाट" म्हणतो, वाट बघते, वाट लागली, पाण्याची वाट, सगळे वेगळे, पण कुणाला शब्दकोश लागत नाही कारण बोलणारा समोर असतो.

हे फक्त कोरियातच झालं असं नाही हं. आपल्यातल्याच मोठ्या संत ऑगस्टीनने चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, वाटेत पडलेल्या जखमी माणसाला धर्मशाळेत नेणाऱ्याच्या गोष्टीत, धर्मशाळा म्हणजे मंडळी आणि धर्मशाळेचा मालक म्हणजे पौल असं लावलं होतं, आणि १७०० च्या शतकात स्वीडनमध्ये स्वीडनबोर्ग म्हणून एक विद्वान होते त्यांनी बायबलातल्या घोड्याचा अर्थ सुद्धा वचनाची समज असा ठरवला. माणसाला हे करावंसं वाटतं, मला पण तरुणपणी वाटायचं. पण मग वाटेत पडलेला तो जखमी माणूस कुठे जातो? त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला हे ऐकून संडे स्कूलची पोरं गप्प व्हायची, ते सगळं जातं, हातात फक्त उत्तरं उरतात.

अजून एक वचन तुला ते दाखवतील, योहान १६:२५, की पुढे अशी वेळ येते जेव्हा मी दाखल्यांनी न बोलता उघड सांगेन, आणि ती वेळ म्हणजे आजची, सांगणारा म्हणजे आमचा पाळक. चार ओळी खाली जा बाळा. शेवटच्या भोजनाच्या त्याच रात्री शिष्य म्हणतात, बघा, आता आपण उघड बोलता, दाखल्याने नाही. म्हणजे जे व्हायचं ते त्या जेवणाच्या मेजावरच झालं, दोन हजार वर्षं थांबावं लागलं नाही. आणि प्रकटीकरण संपता संपता २२:१० मध्ये दूत योहानाला सांगतो, या पुस्तकातली संदेशवचनं शिक्का मारून बंद करू नकोस. बंद करू नकोस! हे मी अधोरेखित केलंय, माझ्या प्रतीत लाल पेनने.

तुला माहितीये मी याबद्दल एवढी का बोलते. माझी पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, दुष्काळात आलेली पोर, अक्षर ओळख नव्हती. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, त्यात वर्षानुवर्षं घालवली, कशासाठी, तर चुलीपुढे बसलेल्या बाईला कुणाला न विचारता वाचता यावं म्हणून. छापखान्यातले खिळे सुद्धा तिथल्या बायकांनीच जुळवले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ ला ते पूर्ण छापून आलं. जिच्या हातात ते पुस्तक आलं तिच्या पणतीच्या मुलाला कुणी म्हणावं की तुला वाचता येत असेल पण कळणार नाही, आधी आमचा सहा महिन्यांचा कोर्स कर, परीक्षा दे, मग अर्थ उघडेल, हे मला सहन होत नाही, खरंच सांगते.

आता पाखरं. पेरणाऱ्याच्या दाखल्यात वाटेवर पडलेलं बी पाखरं खातात आणि येशू सांगतो तो दुष्ट येऊन हृदयात पेरलेलं काढून घेतो, तिथे पाखरू म्हणजे वाईटच आहे, मान्य. त्यावरून जे ती मंडळी सोडून आलेत त्यातल्या अनेकांनी सांगितलंय की शिकताना बजावलं जातं, घरचे, मित्र, पाळक शंका काढतील तर ते बी टिपणाऱ्या पाखरांचं काम समजा, म्हणून सुरुवातीला घरी काही बोलू नका. नाव लगेच न सांगण्याबद्दल त्यांच्यावर कोरियात खूप टीका झालीये, त्यावर त्यांचं म्हणणं की आमच्याबद्दल इतका गैरसमज आहे की नाव सांगितलं तर कुणी ऐकूनच घेत नाही. असेलही. पण बघ एका शब्दाच्या अर्थाने काय होतं. आईने विचारलं "जेवलास का, कुठे जातोस, कोण शिकवतंय", की आई पाखरू झाली. मग तिने किती वचनं दाखवली तरी ती चोचच.

मी पाखरांची राखण केलीये रे. बाजरी हुरड्यात आली की तुझे आजोबा मला आणि मावशीला माळ्यावर बसवायचे, हातात गोफण, सकाळी दव असेपर्यंत चिमण्या आणि भोरड्या नुसत्या तुटून पडायच्या, घसा बसायचा ओरडून. म्हणजे पाखरं बी खातात हे मला कुणी शिकवायला नको. पण कापणी झाली की माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, पहिली चार कणसं बांधून ओसरीच्या आढ्याला टांगायची, चिमण्यांसाठी. एकदा मी विचारलं की आत्ताच तर हाकलत होतो, तर म्हणाली "तेव्हा पीक राखायचं होतं, आता पोट भरलंय." मत्तय १३ मध्येच मोहरीच्या झाडावर पाखरं येऊन राहतात, चांगल्या अर्थाने, आणि मत्तय ६ मध्ये येशू म्हणतो आकाशातली पाखरं निरखून बघा, ती पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी तुमचा बाप त्यांना खाऊ घालतो. तिथे पाखरू म्हणजे पाखरू, आत्मा नाही, कुणी नाही, डोंगरावर बसलेल्या लोकांच्या डोक्यावरून खरोखर उडणारं.

निदणाचं पण शेतकऱ्याच्या पोरीच्या नजरेने बघ. गव्हासारखंच दिसणारं गवत ओंबी येईपर्यंत ओळखू येत नाही, उपटायला गेलं की मुळं गुंतलेली असतात आणि गहू पण हातात येतो. म्हणून मालक म्हणतो कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या, आणि कापणारे म्हणजे देवदूत असं येशूने नाव घेऊन सांगितलंय. ते लोक म्हणतात कापणी सुरू झाली, आम्ही बाकीच्या मंडळ्यांच्या शेतातून गहू काढून आमच्या कोठारात नेतोय. मला हे फार धाडसाचं वाटतं. माणसाच्या हातात विळा आला की कोण गहू कोण तण हे शेजाऱ्याच्या तोंडावरून ठरायला लागतं.

तू जाऊ नकोस असं मी लिहीत नाही. तू २६ वर्षांचा आहेस, परदेशात एकटा आहेस आणि तुला रविवारी कुणाबरोबर तरी बायबल वाचावंसं वाटतं हे ऐकून मला रडू आलं, चांगलं रडू. कुणीही बोलावलं, कुठल्याही मंडळीचं असो, आपल्या ओळखीच्या नावाची असली तरी, तर पहिल्या दिवशी विचार, तुमच्या मंडळीचं नाव काय, आणि हे मी घरी सांगितलं तर चालेल ना. ज्याचं उत्तर मोकळं येईल तिथे बस. प्रत्येक वचन दाखवलं की वरच्या पाच आणि खालच्या पाच ओळी वाच, एवढं एक कर. आणि त्या लॅबमधल्या मुलाला माझा आशीर्वाद सांग, त्याने एवढी मेहनत घेऊन तुला यादी करून दिली.

बाबांनी यंदा बाजरी थोडीच केलीये, पाऊस उशिरा आला. तुझ्यासाठी पीठ नाही पाठवता येणार, कुरियरवाला म्हणतो कस्टमला अडकतं, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट पाठवते. ओसरीला मी पण या वर्षी कणसं टांगलीत, मोबाईल धरून व्हिडिओ काढायला गेले की चिमण्या उडतात, पण आवाज आलाय त्यात, बघ.

रविवारी इथली उपासना साडेदहाला सुटते, म्हणजे तुझे दोन वाजलेले असतील. फोन कर. मत्तय १३ काढून बस, पहिल्या ओळीपासून वाचू, तू कोरियात मी नगरात, तू एक परिच्छेद मी एक. तो मुलगा असेल तर त्याला पण बसव, तो कोरियनमध्ये वाचेल.

तुझी
आई