आरोपीला आपला खटला समजला पाहिजे

संपादक महोदय,

साक्षीपुरावा आरोपीच्या समक्ष नोंदवावा, हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७३ मधील दंडक १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३०८ मध्येही कायम आहे. मात्र आता दृक्‌श्राव्य माध्यमातून दिलेली हजेरीही त्यात धरली जाते. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांत वकिली करताना मला या सवलतीची काळजी वाटते.

आरोपी पार्टीला, म्हणजे कैद्यांची न्यायालयात ने-आण करणाऱ्या पोलीस पथकाला, मनुष्यबळ नसले की कच्चा कैदी कारागृहातूनच पडद्यावर दिसतो. रिमांड वाढवण्यापुरते ते ठीक आहे. साक्षीदाराचा सरतपास, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या पक्षाने घेतलेली पहिली साक्ष, चालू असताना मात्र ‘त्या दिवशी हा गावात नव्हताच’ एवढे एक वाक्य आरोपी वकिलाच्या कानात सांगू शकला, तर उलटतपासाची दिशा बदलते, आणि पडद्यावरून कानात बोलता येत नाही.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून आलेल्या आरोपीची अडचण तर प्रत्यक्ष हजर असूनही सुटत नाही. तो मागच्या भिंतीलगतच्या पिंजऱ्यात उभा असतो, साक्षीदार न्यायाधीशांकडे तोंड करून हळू आवाजात मराठीत बोलतो, वर पंखा घरघरत असतो, आणि ‘समजले का?’ असे विचारताच पावरी किंवा भिली बोलणारा तो माणूस मान डोलावतो. पुढे कलम ३५१ खालील जबाबात, म्हणजे पुराव्याबाबत न्यायालय आरोपीलाच विचारते तेव्हा, प्रत्येक प्रश्नाला तो ‘माहीत नाही’ म्हणतो आणि तेच त्याचे म्हणणे म्हणून कागदावर उतरते. आरोपीला न समजणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला समजेल अशा भाषेत भर न्यायालयात सांगितली जावी, असे कलम ३१४ स्पष्टपणे सांगते. पूर्वीच्या कलम २७९ मध्येही हेच होते. प्रत्यक्षात ते काम बहुतेक वेळा बाहेर बसलेल्या एखाद्या नातेवाइकावर किंवा पोलीस शिपायावर येऊन पडते, आणि ज्या पोलिसांनी तपास केला त्यांच्याच माणसाने आरोपीला साक्ष समजावून सांगावी, हे मला कोणत्याही अर्थाने न्याय्य वाटत नाही.

फिर्यादी पक्षालाही यात लाभ नाही, कारण अशा त्रुटीवर अपिलात खटला पुन्हा चालवायची वेळ आली, तर पीडितेलाच पुन्हा पिंजऱ्यासमोर उभे राहावे लागते.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने पावरी, भिली आणि मावची जाणणाऱ्या दुभाष्यांची मानधनासह यादी करून ती प्रत्येक तालुका न्यायालयात व आरोपींना मोफत वकील देणाऱ्या लोक अभिरक्षक कार्यालयात ठेवावी, आणि साक्षीच्या तारखेला कैद्याला प्रत्यक्ष हजर करण्यासाठी पोलीस अधीक्षकांनी आरोपी पार्टी राखून ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

एक वकील,
शहादा, जि. नंदुरबार